दोनपैकी एक

'बेट म्हणजे काय?' गुण दोन.
साईलने लिहिलं :
शेवटची फेरी चुकली की जिथे राहावं लागतं, ते.
मी एक गुण दिला.

दिवाडीच्या ह्या शाळेत अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली.
पंखा तिसरीच्या डोक्यावर आहे,
पहिलीला फक्त त्याचा आवाज मिळतो.
मी जुन्या गोव्याहून सकाळची फेरी धरून येते,
पिशवीत डबा, खडूची पेटी आणि
चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग.
हे वाक्य मुलांना तोंडपाठ आहे.
पण चारही बाजू एकदम कुणाला दिसतात?
त्यांना दिसते ती एकच, धक्क्याकडची,
आणि तिच्यावर बहुतेक वेळा एक ट्रक उभा असतो.

बांध कुणी घातला, मी विचारते.
पुस्तकात उत्तर आहे : पूर्वजांनी.
ॲश्लिन म्हणते, म्हज्या पाप्पान. पावसाआदीं.
मानशीची फळीसुद्धा त्यानेच बदलली,
जुनी आमच्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आहे.

काल इतिहासाला मी दोरी आणली,
फेरीवरच्या बाबुसोकडून, काथ्याची, मागून.
एक गाठ म्हणजे पन्नास वर्षं.
उगमने टोक धरलं. तो म्हणजे आज.
पहिल्या गाठीच्या थोडं पुढे एकसष्ट साल,
तिथे निळा खडू फासला.
इतकंच? उगमला पटेना.
त्याला वाटलं होतं मुक्ती निदान व्हरांड्यात तरी असेल.
दोरी दारातून बाहेर, पायरी उतरून, नळापाशी वळून,
नवव्या गाठीच्या पुढे फणसाखाली पोचली
आणि तिथे मी सांगितलं :
इथलं देऊळ पाडलं,
लोकांनी देव नदीपार नार्व्याला नेला.

'पाडलं' हा शब्द मी हळू म्हटला.
ॲश्लिन माझ्या अगदी जवळ उभी होती.
तिच्या इगर्जीच्या घंटेवर आमची मधली सुट्टी होते.
तिने ऐकलं तर होतंच.
मग मी तो पुन्हा म्हटला, नेहमीच्या आवाजात,
जसं वजाबाकीत हातचा सांगते तसा,
आणि तरी घसा खाकरावा लागला.

साईलने हात वर केला. तेन्ना फेरी आशिल्ली?
नव्हती.
मग देवाक होडयेचे पयशे कोणें दिले?
पंधरा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
रेणव्वा म्हणाली, फेरीत पायी माणसाला तिकीट नसतं, टीचर.
देवाकडे गाडी थोडीच होती.
सगळे हसले. ॲश्लिन सगळ्यात उशिरा, सगळ्यात जास्त.

त्याच अंगणात राखेने बेट काढलं होतं.
आपापल्या घरावर उभे राहा, म्हटलं.
गोलती भरली, मालार भरलं, धक्क्यावर साईल.
रेणव्वा राखेच्या बाहेर पडली.
फाटक उघडलं, रस्ता ओलांडला,
समोरच्या आगराच्या बांधावर जाऊन ओरडली :
बागलकोट हितं!
मी विचारलं, आणि आता राहतेस ते?
ते नाही, म्हणाली. तिथं काम संपलं की जाणार.
तिला आत ये म्हणायला हवं होतं.
मी हजेरी तिथूनच घेतली, मोठ्याने,
रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरवाल्याने मागे वळून पाहिलं.

पुढच्या जूनला आठ मुलं उरली
तर शाळा पलीकडे जोडतील, असं कार्यालयात म्हणतात.
तो कागद मी मुलांना दाखवलेला नाही.

संध्याकाळी बाबुसोला दोरी परत केली.
त्याने हातात घेऊन पाहिली, वैतागला.
बाई, गाठी सोडायच्या तरी होत्या.
मी धक्क्यावर बसून नखांनी सोडवायला लागले,
चौथी सुटली, पाचवी ओली होती, सुटेना.
फेरीने भोंगा दिला. साईलच्या बापाने फळी उचलता उचलता
विचारलं, येतां मगे?
पिशवीत त्याच्या मुलाचा पेपर होता.