चार बोल्ट

वाल्पराइसोत सपाट असं काही नाही.
समुद्र सोडला, तर.
तोही रोज नाही.

एडुविहेस बाईंच्या घराला एकशे चौदा पायऱ्या.
हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत
मी पोचले तेव्हा त्या दारातच उभ्या,
हात ओले, कपाळाला आठी.
"मशीनला पाय फुटलेत," म्हणाल्या.
"पिळायला लागलं की निघतं चालायला.
परवा न्हाणीतून थेट चुलीपाशी आलं.
खालचा ओसोरिओ झाडूच्या दांड्यानं छत ठोकतो.
वर बटाट्यांचं पोतं ठेवून पाहिलं.
बटाट्यांसकट चाललं."

झाकणावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा कडेला जाऊन बसला, रुसल्यासारखा.
चार पाय आणि चारांची चार मतं.
पाना फिरवून त्यांचं एकमत केलं.
दार उघडलं तर कुबट वास.
"धुणं झालं की दार उघडं ठेवायचं, बाई."
"घरात परकं माणूस आलं तर?"
साबण किती घालता, विचारलं,
तर मूठ दाखवली. भरलेली.
दगडावर घोंगड्या आपटून रुंद झालेली मूठ.
फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, मी म्हटलं.
"मग धुतलं गेलं हे कळायचं कशावरून?"

खालची जाळी काढली.
केसांचा बोळा, शंभर पेसोचं नाणं,
एक निळं बटण.
नाणं त्यांनी मला दिलं, बटण पदराआड नेल्यासारखं
ॲप्रनच्या खिशात गेलं.

मग मशीन भिंतीपासून ओढलं,
आणि मागे ते चार.
जसेच्या तसे, कारखान्यातून आलेले,
प्रवासात ड्रम हेलपाटू नये म्हणून आवळलेले बोल्ट.
"अहो, हे काढल्याशिवाय एक रुमालसुद्धा धुवायचा नसतो!
पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, लाल अक्षरात."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.
"हेरमाननं वाचून दाखवलं होतं.
त्या रात्री पाना सापडेना, पहाटे जहाज सुटायचं.
म्हणाला, तू हात लावू नकोस, आलो की मी काढतो."

"कधी?"

"द्राक्षं उतरवत होते तेव्हा.
मागच्या नाही, त्याच्या मागच्या वर्षी."

मी पाना हातात धरून बसले.
मग म्हटलं, पुस्तकात असंही लिहिलंय
की बोल्ट फेकायचे नाहीत.
मशीन पुन्हा हलवायची वेळ आली तर लागतात.
त्या उठल्या. ऑलिव्हची रिकामी बरणी धुऊन आणली,
पुसली, पुन्हा पुसली,
झाकण काढून माझ्यासमोर धरली.
चार वेळा टण् झालं.

आता धुणं.
एक चादर, टॉवेल, बारीकसारीक,
आणि तीन सदरे, पुरुषी, निळे.
उलटे करून टाका म्हणाले म्हणून त्या उलटे करू लागल्या,
तेव्हा दिसलं, इस्त्रीची घडीही मोडलेली नव्हती.
मी काही बोलले नाही.
कपड्यांच्या वर वीतभर जागा ठेवली,
दोन चमचे साबण घातला.
कंजूष सून पाहावी तसं त्यांनी मला पाहिलं.

पिळताना झाकणावर पाण्याचा ग्लास ठेवला.
पाणी थरथरलं. ग्लास जागचा हलला नाही.
त्या खुर्ची ओढून समोर बसल्या,
थोड्या वेळानं तळवा टेकवला मशीनच्या कुशीला,
"चालू आहे ना?"

तेवढ्यात दारावर ओसोरिओ,
धापा टाकत, झाडू अजून हातात.
"आज आवाज आला नाही," म्हणाला,
"म्हटलं, बघून यावं."

मजुरीवर दोन किलो बटाटे मिळाले.
उतरताना पिशवी आणखी जड,
साठाव्या पायरीवर टेकले, वर पाहिलं.
दोरीवर तीन सदरे, खाली डोकं वर शेपूट,
बंदराकडून वारा आला की
बाह्या भरायच्या, आणि पुन्हा रिकाम्या.
ओसोरिओ त्यांना चिमटे देत होता, एकेक करून,
चुकीच्या हातात.