तिसरी घंटा

नाही, नाटकातली नव्हे.
गुरुवार पेठेतल्या मनोऱ्यात, आठांतली तिसरी.
ती माझ्या वाट्याला आली, कारण ती वाजवणारा
इस्राएल पाटोळे नोकरीसाठी नाशकाला गेला
आणि केदारी मास्तरांना दुसरं कोणी मिळेना.

मी म्हणाले, मी तांबट आळीतली,
ठोक्यांतच वाढले, ताल ओळखते.
मास्तर म्हणाले, "ते आधी विसर."

पहिले तीन आठवडे लोलक चामड्याने बांधलेला.
मी ओढत होते, वर कुठेतरी
सात मण धातू पूर्ण गिरकी घेऊन
आभाळाकडे तोंड करून थांबत होता,
आणि आवाज नाही. फक्त दोराची सळसळ
आणि कबुतरं.

वर बघायचं नाही.
दोर वर जाईल, हात जाऊ द्यायचे,
टाचा जाऊ द्यायच्या नाहीत.
"आणि काही मोडल्याचा आवाज आला तर सोड.
धरून ठेवणारे छतापर्यंत जातात."
रूथबाई आढाव हसल्या.
दोरावरची लाल-पांढरी लोकर त्यांनीच विणलेली,
आणि छत त्यांनी पाहिलेलं, सत्त्याऐंशी साली.

मास्तरांची वही लांबट, किराण्याच्या उधारीची असते तशी.
जांभळ्या शाईत नुसते आकडे:

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८
२ १ ४ ३ ६ ५ ८ ७
२ ४ १ ६ ३ ८ ५ ७
४ २ ६ १ ८ ३ ७ ५

चाल नाही, सूर आळवणं नाही.
एका वेळी एकच घर सरकायचं, नाहीतर थांबायचं.
उडी कुणालाच नाही,
सगळ्यात जड आठवीलाही नाही.
वही घरी न्यायची परवानगी एका रात्रीची होती.
मी चार महिने ठेवली.

दुकानात पोचे आलेले, विकले न गेलेले
आठ गडू मी ओट्यावर मांडले.
लाकडी उलथन्याने टण, टण.
आईने दार लावून घेतलं.
अप्पा बघत राहिले.
चाळीस वर्षं हंडे ठोकून त्यांचे कान गेले,
आता लग्नाचा बँडसुद्धा त्यांना
लोक तोंड हलवताहेत एवढाच कळतो.
त्यांनी वही ओढून घेतली,
तिसरीवर बोट ठेवलं,
ओळीमागून ओळ खाली नेलं,
हंड्यावरचे ठोके मोजावेत तसं.
"ही तिरकी चालते," म्हणाले.

मग मास्तरांच्या पुतणीचं लग्न.
"सांभाळा.
पहिली निघाली…
गेली."
आणि खरंच गेली, तिच्यामागे दुसरी,
मग मी, आणि मनोरा किंचित डुलला.
तो डुलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साधारण चौथ्या मिनिटाला मी हरवले.
पाचवीनंतर की सातवीनंतर?
दोर हातात, डोक्यात किराण्याची वही,
आकडे सगळे एकसारखे जांभळे.
रूथबाईंनी मान वळवली नाही,
फक्त डोळे माझ्याकडे आणले आणि पापणी मिटली:
आत्ता, माझ्यामागे.
मी त्यांच्यामागे गेले.

खाली उतरले तेव्हा हाताला फोड आलेले.
वऱ्हाडी गाड्या काढत होते,
कुणीतरी विचारत होतं, घंटा बिघडली का,
धड एक गाणं वाजेना.
सायकलींच्या कडेला अप्पा उभे,
तळवा भिंतीवर टेकलेला,
पाहुण्यासारखे, आतून इस्त्रीचा शर्ट घालून.

मी हातानेच विचारलं, कळलं का काही?

"आठ आहेत," ते म्हणाले, जरा मोठ्यानेच,
बहिरी माणसं बोलतात तसं, त्यामुळे मास्तरांनीही ऐकलं.
"बरं चाललंय. एकच जण उशिरा येतं.
जाताना नाही. परत येताना.
हातोडी उचलण्यालाही ताल असतो, पोरी."

मास्तर चार महिने हेच सांगत होते.
त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग भिंतीकडे,
मग मला म्हणाले,
"वही परत आण.
आणि यांना बुधवारी सरावाला घेऊन ये."