उष्टावण

चंद्री पहाटे चारला गंगावेशीत जाते,
कट्ट्यापाशी उभी राहते.
सडाखाली पेला, पेल्यात फेस,
फेसाच्या मिशा पुसत लोक कामाला लागतात.
तिचं रेडकू इथं वडणग्यात, दावणीला,
सव्वा महिन्याचं,
माझ्या शर्टाचं टोक चोखतंय.

आबा म्हणाले, टोणगा हाय. दूध तोड त्याचं.
टोणग्याला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम.
म्हणून वहीत लिहिलं : नंबर सतरा.

माळगे मॅडम म्हणाल्या, एकदम तोडू नका.
पोटात चार खण असतात याच्या,
सगळ्यात मोठा अजून झोपलाय.
दूध त्याला वळसा घालून पुढं जातं.
त्याला जागं करायचं ते दाण्यानं,
आणि दाणा काही जबरदस्तीनं जात नाही.

मक्याचा भरडा, शेंगपेंड, चिमूटभर मीठ,
वर शियेच्या गुऱ्हाळातला गूळ, कुस्करून.
दूध संपलं तरी तोंड चोखतच असतं,
तेवढ्यात दोन बोटं आत सारायची
भरड्यासकट.
खरखरीत जीभ बोटांभोवती गुंडाळते
आणि थोडा वेळ फसते.

सोमवार. थुंकलं.
मंगळवार. थुंकलं, माझ्या गुडघ्यावर.
बुधवार. गूळ खाल्ला, मका ठेवला.
गुरुवार. बादलीतलं पाणी प्यालं, आपलं आपण.
(बादली दोनदा घासली होती. शिळं पाणी त्याला कळतं.)
शुक्रवार. रात्रभर रेकलं. लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवारी सांगरूळला गेलो,
अक्काच्या लेकाचं उष्टावण.
पहिला घास मामाचा.
अंगठी खिरीत बुडवून ओठाला लावली,
पोरानं तोंड वाकडं केलं,
जिभेनं खीर हनुवटीवर ढकलली.
सगळ्या बायका हसल्या.
मी नाही हसलो, मला हे तोंड ओळखीचं होतं.
तीनदा हात धुऊनही
नखात भरडा राहिलाच होता.

पोर रडायला लागलं
तसं अक्कानं त्याला पदराखाली घेतलं.
घेतलं आणि ते गप्प झालं.
एवढंच झालं.
बालिंग्याच्या पुलावर मी गाडी थांबवली,
कशाला ते माहीत नाही.

घरी आल्यावर भोपळ्याला सोडला सतराशेजारी.
(भोपळा हे नाव नाही, आकार आहे,
असं आबांना पटवलंय.)
चार महिन्यांचा खादाड,
शिकवणं वगैरे त्याच्या गावीही नाही.
त्यानं घमेल्यात तोंड घातलं ते बुडापर्यंत.
सतरानं बघितलं.
मग त्याचा कान चोखला.
मग कानावर सांडलेला भरडा चाटला.
मग कान सोडला.

पुढं बरेच दिवस वहीत नुसते आकडे.
पाव किलो. अर्धा. पाऊण, जरा सांडलं.
किलो. किलो. किलो.
तिसऱ्या किलोला दुधाची बाटली धुऊन
खुंटीला उलटी टांगली.

त्या रात्री लाईट गेलेली.
अंधारात आवाज आला, सावकाश,
जात्यासारखा.
बॅटरी मारली :
डोळे अर्धे मिटलेले,
गिळलेलं वर आणून चघळत होतं,
जणू काही आठवतंय.
आठवत नसावं.
मका होता तो.

वर्षभरानं वडगावच्या बाजारात
कुणीतरी त्याची मांडी दाबून बघेल,
रुमालाखाली बोटं धरून आबांशी भाव करेल.
मला माहीत आहे.
वहीच्या शेवटच्या पानावर
वजनाला जागा सोडली आहे.

सकाळी चंद्री परत आली, रिकाम्या कासेची.
दावणीपाशी थांबली.
आबांनी कासरा ओढला नाही.
सतरानं मान वर केली, कान हलवला,
पुन्हा घमेल्यात तोंड घातलं.

बुधवार. घमेलं लखलखीत चाटलं.
आज बोटं मागितली नाहीत.
मी पुढं केली होती.