लिहायचा भाव

रतनशीच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले
ते तूरडाळ घ्यायला नव्हे, तिचा भाव घ्यायला.
लालबाग, एम.ए.चं दुसरं वर्ष,
हातात विभागानं दिलेला निळा तक्ता:
धोतरजोडी, रॉकेल, खोबरेल सुटं,
विड्यांचं बंडल, पंचवीस नग.
त्यानं तराजूवरून मान वर केली.
"बेन, लिहायचा भाव सांगू का द्यायचा?"
मी हसले.
तक्त्यात रकाना एकच होता.

मग कलिना. सव्वीस वर्षं.
मागणीची रेषा फळ्यावर डावीकडून उजवीकडे
उतरत राहिली, तिच्याखाली खडूची भुकटी,
आणि तिसऱ्या बाकावर भांडुपचा अंकुश धोत्रे:
"मॅडम, इतर सर्व गोष्टी स्थिर असताना
म्हणजे नेमक्या कुणाच्या घरी?"
मी त्याला संदर्भग्रंथांची यादी दिली.

मंत्रालयात तीन वर्षांसाठी गेले, पाच राहिले.
शहरातले गरीब मोजायचं काम होतं.
मोजले. अपेक्षेपेक्षा जास्त भरले.
सचिव सभ्य माणूस, चहा मागवून म्हणाले,
"आकडा बरोबर आहे तळपदेबाई,
वेळ बरोबर नाही."
तेव्हा आकडा 'तात्पुरता' झाला,
मग 'एका अंदाजानुसार',
मग एकशेचौदाव्या पानावर तळाशी जाऊन बसला,
मुंगीएवढ्या टायपात, चांदणीच्या खुणेआड.
प्रतींचे गठ्ठे बांधता बांधता शिपाई मोहिते म्हणाला,
"बाई, एकशेचौदावर आम्हीच ना?"
मी सही केली होती. शाई वाळली होती.

निवृत्तीनंतर लोअर परळ, चौदावा मजला.
खाली कधीकाळी सूतखातं होतं, म्हणे.
अन्वर गालांवर पावडर थापटतो,
कानात कुणीतरी तरणं सांगतं:
"चाळीस सेकंद. वाढली की घटली, एवढंच."
मी म्हटलं, वाढण्याचा वेग घटला आहे,
म्हणजे भाव वाढतच आहेत, फक्त...
"धन्यवाद, वैजयंतीताई!"
आणि पायाखाली लाल पट्टी धावली:
महागाई घटली, अर्थतज्ज्ञांचा निर्वाळा.
दुसऱ्या दिवशी सिटलादेवीच्या बाजारात
मंजुळाबाईनं हलव्यावरचा हात काढला नाही.
"टीव्हीवर तुम्हीच उतरवलीत ना काल?
मग तुमच्याच भावानं घ्या की. पण तिथूनच."
निम्मा बाजार हसला. मीही. सुरमई घेऊन आले,
मागितले तितके पैसे देऊन.

गेल्या महिन्यात अंकुशचा फोन.
तो आता विभागप्रमुख, माझ्याच खुर्चीत;
कपाटं रद्दीत काढायची आहेत, तुमचं काही असेल तर.
होतं. कसर लागलेला निळा तक्ता.
तूरडाळीसमोर शाईनं तीन ऐंशी.
तो खिडकीशी नेऊन तिरका धरला
तेव्हा शेजारी, रकान्याच्या बाहेर,
पेन्सिलीचा दाब दिसला: चार तीस.
म्हणजे मी विचारलं होतं.
हसून झाल्यावर, त्याच दुपारी,
मी त्याला दुसराही भाव विचारला होता
आणि लिहूनही घेतला होता.

अंकुश म्हणाला, कुणी खोडला असेल हो?
आठवत नाही, म्हटलं.
नव्हतंच आठवत.
खोडरबर मात्र त्या वर्षी
आमच्या गटात माझ्या एकटीकडेच असायचं.