मानेचा पट्टा

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत माझं दुकान:
शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं, फेटे भाड्याने.
कोरणावळ अक्षरामागे चार रुपये,
म्हणून 'माननीय' कुणी पूर्ण कोरून घेत नाही,
'मा.'वर भागवतात. टिंब मी फुकट देतो.

एकदा एका साहेबांची ढाल परत आली.
'मा. नगरसेवक' वाचून भडकले होते,
निवडणूक महिन्यावर आली आणि तू मला माजी करतोस?
तेव्हापासून गिऱ्हाईकाला आधीच विचारतो,
मा. म्हणजे नेमकं काय धरायचं.

शालीही परत येतात.
सत्कारांचा हंगाम सरला की
कुणाची तरी सून पिशवी घेऊन उभी राहते.
घडी मोडलेली नसते,
किनारीत एखादी अक्षत अडकलेली,
ती झटकून मी निम्म्या भावात घेतो.
एक मोरपंखी शाल तर मला पाठ आहे,
आजवर चार खांद्यांवर बसून आली,
चौघांचंही एकमेकांशी पटत नाही.

माझी मान गेली त्याला दोन वर्षं होतील.
दिवसभर खाली घालून कोरायचं, दुसरं काय.
डॉक्टर म्हणाले, मणक्यांत अंतर उरलं नाही,
पट्टा लावा.
लावला, तर नमस्काराला वाकता येईना,
होकाराला डोलवता येईना,
आणि नाक्यावर बोलवा उठली
की कोरणाऱ्याला हल्ली भारी ताठा आलाय.
पुतणीच्या लग्नात मात्र
व्याह्यांनी कुणीतरी बडा माणूस समजून
पहिला फेटा मलाच बांधला.
भाड्याचा. माझ्याच दुकानातला.

वैजयंता भालेकर आली ती बुधवारी,
कळव्याच्या इस्पितळातली रात्रपाळी उरकून, तशीच.
आईसाठी हवंय, म्हणाली.
चांगुणा बाबुराव भालेकर.
नावाआधी काय, श्रीमती?
काही नको.
बरं, कशाबद्दल?
कारण प्रत्येक पट्टीवर शेवटी एक 'बद्दल' लागतं,
प्रदीर्घ सेवेबद्दल, मोलाच्या सहकार्याबद्दल.
ती बाहेर बघत राहिली,
टेम्पोतून कोबीच्या पाट्या उतरत होत्या.
चौतीस वर्षं, म्हणाली, ह्याच गल्लीतून.
आणि मग, ते रिकामंच ठेवा.

म्हणजे ती.
'ए, काचेला लागेल, बघून चाल,'
असं जिला मी रोज म्हणत आलो.
नाव आत्ता कळलं,
तेही अक्षरं मोजताना.

शनिवारी ती स्वतःच आली न्यायला.
ढाल उलटीपालटी केली, नखाने टोकरली,
कोरलेल्या जागेवरून बोट फिरवलं.
किती घेतलंस?
तीनशे ऐंशी, शालीसकट.
लुटलंस माझ्या पोरीला.
अहो बाई, मी म्हणालो,
आणि ते 'अहो' जिभेवर नव्या चपलेसारखं चावलं.
तिने माझ्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं.
वझं न उचलताच मोडलीस व्हय रं?

मग शाल उलगडली,
मला वाटलं, खांद्यावर घेईल.
तिने ती पिळली, दोन वेढे दिले,
चुंबळ करून डोक्यावर ठेवली,
तिच्यावर ढाल, उभी,
आणि दोन्ही हात मोकळे सोडून
निघाली हातगाड्यांमधून.

मी काउंटरवरून उतरलो.
सरका, सरका,
तिची हाळी माझ्या तोंडून निघाली.
कोणी सरकलं, कोणी नाही.
मसुंद्याच्या बाजूला ती वळली.
मला नुसती मान वळवता येत नाही,
म्हणून पायांसकट अख्खा वळलो.