मधली म्हैस

गावाचं नाव दहिवद.
नावातच दही, आणि मी त्या गावच्या डेअरीत
सत्तावीस वर्षं दूध मोजतो.
फॅट, डिग्री, लिटर, पावती.
अंगाला इतका वास
की गल्लीतली मांजरं ओळख ठेवून आहेत.

आणि द्वारकाला दूध चालत नाही.
आधी चालायचं.
मग एका कप चहानं रात्रभर मुरडा,
मग दही गेलं, मग ताक,
मग कढीला उकळी आली की ती ओट्यावर जाऊन बसायची.
अमळनेरच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर तीन शब्द लिहिले,
तिसऱ्याखाली दोन रेघा मारल्या.
येताना एसटीत ती एवढंच म्हणाली,
"तुमना धंदा बुडना."

आज तिची जिनिंगला दुसरी पाळी,
म्हणून चूल माझ्याकडे.
शेंगदाणे काल रात्रीच भिजत घातले होते.
पहाटे सालं काढली; ती बोटांना चिकटतात,
झटकली की भिंतीला चिकटतात.
मिक्सरमधून दोनदा फिरवून
जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळलं.
पांढरं उतरलं. फेससुद्धा आला.
सवय वाईट:
वाटीभर डेअरीत नेलं, रांग संपल्यावर
मशीनखाली धरलं.
मशीन म्हणालं,
पाणी, एकेचाळीस टक्के.

याच्या निम्म्या आकड्यावर
मी मंजाबाईची किटली परत केली होती,
भर रांगेत, मोठ्या आवाजात.
ती म्हणत होती, म्हैस आटत आलीय, भाऊ.
मी म्हणत होतो, मशीन खोटं बोलत नाही.
नाहीच बोलत.
त्याला एकच दूध माहीत आहे, एवढंच.

सहा ढेमसं, चार काटेरी वांगी.
देठ ठेवून चिरा दिल्या.
तीळ, सुकं खोबरं, लसणाची अख्खी गड्डी,
द्वारकानं चैत्रात कुटलेला काळा मसाला,
आणि फडक्यात उरलेला दाण्यांचा चोथा.
डेअरीतला माणूस काही फेकत नाही.
एका वांग्यात जास्त भरलं गेलं,
ते फुटलं, त्याला तसंच मधोमध बसवलं.

चुलीत कपाशीच्या काड्या,
त्या भडकन पेटतात आणि लगेच माघार घेतात.
समोर गोठ्यात शेजाऱ्याची म्हैस
सरकीची ढेप चघळत उभी.
मी पाहत राहिलो.
कपाशीचं बी तिच्या तोंडात जातं
आणि सकाळी माझ्या मापात येतं.
पातेल्यात मीही तेच करतोय की,
फक्त मधली म्हैस काढली.

तेल सुटल्यावर दूध ओतलं.
चिंचेचा कोळ पडला आणि ते फाटलं,
बारीक कण कण झाले.
हात थांबला.
फाटलेलं दूध मी परत करत आलोय.
हे कुणाला परत करू?
झाकण ठेवलं, वर पाणी ओतलं,
आणि कळण्याच्या भाकरीला बसलो.
पहिली तव्यावरच मोडली. दुसरी खानदेशाच्या नकाशासारखी झाली.

साडेअकराला टेम्पोचा आवाज.
द्वारका आली ती केसांत, भुवयांवर कापूस घेऊन,
म्हातारी होऊन आल्यासारखी.
हात धुतले. ढेमसं मोडलं.
रस्सा भाकरीत जिरू दिला. घास घेतला.
मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो
जसे लोक माझ्या मशीनकडे पाहतात.

"मीठ कमी शे," ती म्हणाली.
मग दुसरं ढेमसं घेतलं.
मग ते फुटलेलं वांगं.
मग पातेल्याची कड भाकरीनं पुसताना विचारलं,
"आनी दूध?"
दाण्यांचं, म्हणालो. फाटलं जरा.
"फाटू दे."

हात धुऊन उठता उठता म्हणाली,
"दोन ढेमसं झाकी ठेवा.
सकाय मंजाबाईले लई जासू.
म्हैस इकी टाकी तिनी,
आते मन्हाच पाळीमा शे."

मी वाटी शोधायला उठलो.
वाटी डेअरीतच राहिली होती,
मशीनच्या बाजूला,
तळाशी पांढरं वाळलेली.