रकाना : इतर

मे महिना. इंदूर. रात्रीचे अडीच.
कंट्रोल रूममधला एसी यंत्रांसाठी असतो,
आमच्या वाट्याला त्याची थंडी उसनी येते.
समोर पडद्यावर नर्मदा : एक हिरवी रेघ,
शेजारी आकडा. आकडा हलला की नदी हलली.

नदीपासून नव्वद किलोमीटरवर बसून मी नदी सोडते.
हे वाक्य घरी कधी बोलले नाही.
सुदामानगरात एक दिवसाआड नळ;
शेजारच्या टेंबेकाकू तशाही म्हणतात,
"तुझ्या ऑफिसात सांग ना गं जरा."

उन्हाळ्यात धरण संध्याकाळी जागं होतं.
शहर घरी येतं, कूलर लावतं,
तेव्हा टर्बाइन फिरतात
आणि पाणी खाली पोचतं मध्यरात्री,
कुणी बघायला नसताना.
दिवसा सहस्रधारेला नुसते खडक,
भाकरी टाकली तर भाजेल असे.

एप्रिलमध्ये फोन आला. संतोषी केवट, वय एकोणीस,
राफ्ट चालवते. "दीदी, रात का पानी
दिन में दे दो ना."
जसा काही फ्रीजमधला डबा.
मी हसले. मग वही काढली.

पहाटे चारला एक संच. पाणी पाच तास चालतं.
आधी जलूदचे पंप आपला घोट घेतील,
तो घाट चढून येईल टेंबेकाकूंच्या पिंपात;
उरलेलं महेश्वरच्या पायऱ्यांना चाटून
नऊच्या सुमारास खडकांत शिरेल.
मग दोन तास फेस.
थेंबही जास्त नाही. फक्त वेळ बदललेली.

"फक्त" हा शब्द मी नंतर खोडला.

कारण दुसरा फोन. घोगरा. निमाडीत बोलला,
मी मराठीत लिहितेय :
"संतोषीचा बाप बोलतो. वाळूत माझी डांगरं आहेत.
रात्रीचं पाणी कुठवर येतं ते ठाऊक आहे,
तेवढी जागा सोडून वेल लावतो.
पण दिवसा तिथं बायका धुणं धुतात,
पोरं डुंबतात, म्हशी बसतात.
पोरगी ऐकत नाही. तुम्ही तरी समजा."
एकाच छपराखालची दोन माणसं,
आणि बोलणं व्हाया इंदूर.

मग आठवडाभर मी पाण्याला पायऱ्या पाडल्या.
आधी घोट्याएवढं,
म्हैस उठून उभी राहील इतकंच.
थांबा. वीस मिनिटं.
मग पोटरी. मग गुडघा.
घाटावर भोंगा, तीनदा.
फाइलमध्ये याला म्हणतात प्रवाहवाढीचा दर.
मी धरला होता
एका बाईला पिळे गोळा करून
पोराला बखोटीला धरायला लागणारा वेळ.

साहेब म्हणाले, "नदीनं आता खेळायचंही का?"
सही केली, पण शनिवार-रविवारपुरती.

आज शनिवार.
चारला धरणावरचा राठोड म्हणतो, "संच सुरू, मॅडम."
आकडा हलतो. इथं काहीच होत नाही.
एसीच्या झोतानं रजिस्टरचं पान फडफडतं,
मी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवते.

साडेनऊला घरी. नळाचा दिवस, बादली भरतेय.
फोनवर फोटो येतो :
फेस, तिरपं वल्हं, सहा उघडी तोंडं,
मागे संतोषी, भुवया आवळलेल्या.
ती हसत नाहीये. ती कामावर आहे.
कोपऱ्यात, काठावर, खांद्यावर डांगर घेतलेला बाप.
पाण्याकडे बघत नाही, पोरीकडेही नाही,
भोंग्याच्या खांबाकडे बघतोय.
बादली भरून वाहिली तेव्हा मी नळ बंद केला.

महिनाअखेर तक्ता भरायचा असतो :
पाण्याचा उपयोग.
वीज, सिंचन, पेयजल, उद्योग,
आणि शेवटी एक अरुंद रकाना : इतर.
अकरा वर्षं तिथं आडवी रेघ मारत आले.
या वेळी लिहिलं : सोळा तास.
जागा कमी होती,
"तास"मधला स रेघेबाहेर गेला.